गुडघा टेकला होता

“मॅडम, तुम्ही पाहिलंत ना?”

एवढंच विचारलं त्या मुलाने. सोळा-सतरा वर्षांचा असेल. हेल्मेटच्या जाळीत ओल्या गवताचा पुंजका अडकलेला, दातांवरचं रबरी कवच अर्धं तोंडाबाहेर लोंबणारं, थंडीमुळे प्रत्येक श्वासाची वाफ. मी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते. माझ्या हातात डाऊनचा, म्हणजे कितवा प्रयत्न चालू आहे त्याचा आकडा दाखवणारी काठी होती आणि तिच्यावर अजून ४ होता. मी त्याच्याकडे पाहिलं, मग काठीकडे पाहिलं आणि ४ चा १ केला. पंचांनी तसा हात केला होता.

अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या मध्यभागी, मक्याच्या शेतांना लागून असलेल्या एका छोट्या गावात आम्ही अकरा वर्षं राहतोय. इथे शुक्रवारची संध्याकाळ शाळेच्या फुटबॉलची असते. मी कोल्हापूरची. फुटबॉल म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे शाहू स्टेडियम येतं, पेठापेठांची ईर्षा येते, पायाने खेळायचा गोल चेंडू येतो. हातात धरून पळायच्या या लांबट चेंडूची ओळख मला लेकीमुळे झाली. ती शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते, बँड प्रत्येक सामन्याला असतो, म्हणून मीही असते. कुंपणाशी उभी राहून मी डाऊन मोजायचे. शेजारचे आजोबा एकदा म्हणाले, मोजतेसच आहेस तर आत येऊन मोज. (त्यांना मी मनातल्या मनात आजोबा म्हणते. तोंडावर नावानेच हाक मारावी लागते आणि अकरा वर्षांनंतरही ते जिभेला जड जातं.) गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, गेली वीसेक वर्षं मैदानावर साखळी सांभाळणारे. दहा यार्डांची साखळी, तिच्या दोन टोकांना दोन काठ्या आणि तिसरी काठी आकड्याची. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर पुन्हा नव्याने चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांचा. अख्खा खेळ या हिशेबावर चालतो, आणि शाळेच्या मैदानावर हा हिशेब हातात धरून गावातली तीन साधी माणसं उभी असतात. आजोबा, एक सुतारकाम करणारा तरुण आणि दोन वर्षांपासून मी.

पहिल्याच दिवशी आजोबांनी मला बजावलं होतं. टाळ्या वाजवायच्या नाहीत. ओरडायचं नाही, आपल्या पोरांनी टचडाऊन केला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेला, तरी नाही. आणि पंचांनी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आमच्या मैदानावर साखळीवाले पाहुण्या संघाच्या बाजूला उभे राहतात. म्हणजे संध्याकाळभर मी परक्या गावच्या पोरांच्या गराड्यात असते. त्यांच्या पाण्याच्या बाटल्या, घामाचा वास, स्नायूंवर चोळायच्या मलमाचा तो नाकात जाणारा पुदिन्यासारखा दर्प, एकमेकांना दिलेला धीर, सगळं माझ्या कानाशी चाललेलं असतं. आणि माझं गाव समोरच्या बाकांवर बसलेलं असतं.

त्या शुक्रवारी आमची शाळा चार गुणांनी मागे होती. दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरलेला. चौथा डाऊन, दोन यार्ड हवेत. मिळाले नाहीत तर खेळ संपल्यातच जमा. आमचा धावपटू चेंडू छातीशी कवटाळून थेट माझ्या अंगावरच आला म्हणायचा, रेषेला लागून. त्या पाहुण्या मुलाने त्याच्या कमरेला मिठी मारली आणि दोघं पडले. पडताना आमच्या मुलाचा उजवा गुडघा गवतात रुतला. स्पष्ट रुतला, खालची काळी माती गुडघ्याला लागली, आणि तो रुतला तेव्हा चेंडू हव्या त्या जागेच्या हातभर अलीकडे होता. गुडघा टेकला की खेळी तिथेच संपते. मग तो त्या मुलाच्या अंगावरून पुढे लोळला आणि हात लांब करून त्याने चेंडू पुढे नेला. रेषेवरचे पंच त्याच क्षणी अंगावर येणाऱ्या दोन दांडग्या पोरांना चुकवायला मागे सरले होते. त्यांची मान वळलेली होती. ते धावत आले आणि चेंडू शेवटी जिथे होता तिथे त्यांनी पाय रोवला. मग हात पुढे केला. पहिला डाऊन.

मला कुणी विचारलं नाही.

तीन खेळींनंतर टचडाऊन झाला. आम्ही तीन गुणांनी जिंकलो. बँडने शाळेचं गाणं वाजवलं. त्यात माझ्या लेकीचं क्लॅरिनेट होतं. गाडीत बसल्यावर तिचे गाल थंडीने आणि आनंदाने लाल झाले होते. “आई, कसली भारी मॅच झाली!” मी म्हटलं, हो ना. हीटरची गरम हवा तोंडावर येत होती आणि पूर्ण रस्ताभर मला तो मातीने माखलेला गुडघा दिसत होता.

गल्लीतल्या क्रिकेटमध्ये माझं काम अंपायरिंग होतं. मला खेळायला घेत नसत. मुलगी, त्यात सगळ्यांत लहान. पण अंपायर कुणाला व्हायचं नसायचं, म्हणून मला विटांच्या ढिगाशी उभं करायचे. आमच्या मंगळवार पेठेतल्या त्या बोळात नियम साधा होता: अंपायर बॅटिंगवाल्यांचा. मी दादाची बहीण, म्हणून दादा बॅटिंगला असला की अंपायर मी. एकदा चेंडू विटांना लागला तेव्हा दादा विटांपासून चांगला दोन पावलं लांब होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नॉट आऊट. समोरच्या संघातला एक मुलगा पुढे आला, रागाने त्याचे ओठ थरथरत होते. “आईशप्पथ म्हण.” मी म्हटलं, आईशप्पथ. ते सगळे “रडीचा डाव खडी, रडीचा डाव खडी” म्हणत घरी गेले. दादाने मला गारीगार घेऊन दिलं. नारिंगी रंगाचं. त्यानंतर कितीतरी रात्री मी झोपलेल्या आईच्या नाकापाशी हात धरून तिचा श्वास चालू आहे ना हे बघायची. आई आज ब्याऐंशीची आहे, ठणठणीत आहे, तिला यातलं काहीच ठाऊक नाही. पण त्या शुक्रवारी रात्री, कोल्हापूरला सकाळ झालेली पाहून, मी तिला फोन केला. काही कारण नव्हतं.

शनिवारी सकाळी मी आजोबांकडे गेले. पोर्चमध्ये बसून ते कॉफी पीत होते. मी पाहिलं ते सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, उठून आत गेले आणि एक जाडसर रबर बँड घेऊन आले. पंचांच्या हाताला असतो तसा. पंचांचा जरा नीट बनवलेला असतो, मनगटाला पट्टा आणि त्याला बोटात अडकवायची रबरी फास. पहिला डाऊन असला की फास तर्जनीत, दुसरा असला की मधल्या बोटात, मग अनामिका, मग करंगळी. एवढ्या मोठ्या खेळात, एवढ्या दिव्यांत, एवढ्या आवाजात माणूस आकडा विसरू नये म्हणून ही युक्ती. हात न पाहताही बोटाला कळतं कितवा डाऊन आहे. आजोबांनी तो रबर बँड माझ्या हातावर ठेवला आणि मग १९९० चा तो सामना सांगायला घेतला. मी तो आधी तीन वेळा ऐकला होता. पण त्या सकाळी पहिल्यांदा नीट ऐकला.

आमच्या गावापासून तासाभरावर कोलंबिया हे विद्यापीठाचं गाव आहे, तिथलं फॉरोट फील्ड. तारीख ६ ऑक्टोबर १९९०. मिसुरी विरुद्ध कोलोरॅडो. आजोबा प्रेक्षकांत होते. मैदानावर खरं गवत नव्हतं, ऑम्नीटर्फ नावाचं कृत्रिम गवत होतं आणि त्यावरून खेळाडू सारखे घसरत होते. शेवटचं अर्धं मिनिट उरलेलं, मिसुरी ३१-२७ ने पुढे, आणि कोलोरॅडोला एंड झोनपासून, म्हणजे शेवटच्या रेषेपलीकडच्या पट्ट्यापासून, तीन यार्डांवर पहिला डाऊन मिळाला. त्यांच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे खेळी सुरू करणाऱ्या चार्ल्स जॉन्सनने, चेंडू जमिनीवर आपटून घड्याळ थांबवलं, हा पहिला. त्यांचा धावपटू एरिक बिएनेमी पळाला, रेषेच्या अलीकडे अडला, हा दुसरा. तिथे कोलोरॅडोने टाइमआऊट घेतला. त्या टाइमआऊटमध्ये काठीवरचा आकडा बदलायचा राहिला. २ चा ३ झालाच नाही. पुन्हा बिएनेमी, पुन्हा अडला. हा खरा तिसरा, काठीच्या लेखी दुसरा. मग जॉन्सनने दोन सेकंद उरली असताना चेंडू पुन्हा आपटला. हा चौथा. नियमाप्रमाणे इथे चेंडू मिसुरीचा आणि सामना मिसुरीचा. पण काठी म्हणत होती तिसरा झालाय. म्हणून एक खेळी आणखी मिळाली आणि त्या पाचव्या डाऊनला जॉन्सन चेंडू घेऊन एंड झोनमध्ये घुसला. पंचांनी टचडाऊन दिला. तो रेषेपर्यंत पोचलाच नव्हता असं आजोबा आजही शपथेवर सांगतात. कोलोरॅडो ३३, मिसुरी ३१.

“मैदानावर सात पंच होते,” आजोबा म्हणाले. “सातांच्या हाताला रबर होतं. पण मी दरवेळी काठी धरलेल्या माणसाचाच विचार करतो.”

पंचांच्या त्या चमूला बिग एट या दोन्ही विद्यापीठांच्या संघटनेने निलंबित केलं. निकाल मात्र तसाच राहिला. कोलोरॅडोने त्या वर्षी अकरा सामने जिंकले, एक हरला, एक बरोबरीत सुटला. तेव्हा राष्ट्रीय विजेता मतांनी ठरायचा, आणि असोसिएटेड प्रेसच्या मतदानात कोलोरॅडो पहिला आला. प्रशिक्षकांच्या मतदानात एकही सामना न हरलेला जॉर्जिया टेक पहिला आला. म्हणजे देशातला एक अर्धा मुकुट त्या न बदललेल्या आकड्यावर उभा आहे. त्याच हंगामाचा शेवटचा सामना, १९९१ च्या १ जानेवारीचा ऑरेंज बोल, कोलोरॅडोने नोत्र दामविरुद्ध १०-९ असा जिंकला, आणि त्यातही शेवटी रॉकेट इस्माईलने पूर्ण मैदान कापत आणलेला टचडाऊन कुणीतरी मागून अडवल्याच्या फ्लॅगने, म्हणजे पंचांनी टाकलेल्या नियमभंगाच्या खुणेने, रद्द झाला होता. आजोबा हे सांगताना आवाज चढवत नाहीत. छत्तीस वर्षांनी माणूस आवाज चढवत नाही, पण आकडा एकही विसरलेला नसतो.

लोक म्हणतात, एका निर्णयाने सामना जात नाही. साठ मिनिटं खेळता, त्यात पन्नास चुका तुमच्याही असतात, मग शेवटच्या शिट्टीवर कशाला रडता. प्रशिक्षक पोरांना हेच सांगतात आणि पोरांना सांगायला ते ठीकही आहे. मला स्वतःला ते कधीच पटलेलं नाही. १९९० चंच बघा. काठीवर खरा आकडा असता तर जॉन्सनने चौथ्या डाऊनला चेंडू आपटला असता का? कशाला आपटेल? तो काहीतरी वेगळं खेळला असता, कदाचित त्यातही टचडाऊन झाला असता, कदाचित नसता. मिसुरीची पोरंही त्या आकड्यावर विसंबून उभी होती. चुकीचा आकडा नुसता एक खेळी जास्त देऊन गेला नाही, त्याने मैदानावरच्या बावीस जणांचं डोकं चालवलं. त्यानंतर खरा सामना कोणता होता हे सांगायला काही शिल्लकच राहत नाही. दोन्ही बाजूंचं काहीतरी हरवतं. जिंकणाऱ्यांचं जरा जास्तच हरवतं, असं मला वाटतं.

कोलोरॅडोचे प्रशिक्षक बिल मॅकार्टनी स्वतः मिसुरीचेच जुने खेळाडू. सामना परत देणार का, असं त्यांना तेव्हा विचारलं गेलं. त्यांनी नकार दिला आणि मैदान खेळण्यालायक नव्हतं यावर बोट ठेवलं. त्यांना खंत वाटते हे त्यांनी बोलून दाखवलं ते १९९८ मध्ये. मधली आठ वर्षं त्यांच्या मनात काय चाललं असेल याचा मी या महिन्यात फार विचार केला. २०२५ च्या जानेवारीत ते गेले.

पण १९९० च्या त्या सामन्याच्या पन्नास वर्षं आधी हे सगळं एकदा वेगळं घडून गेलं होतं. १६ नोव्हेंबर १९४०, न्यू हॅम्पशायरमधलं हॅनोव्हर, डार्टमाउथ विरुद्ध कॉर्नेल. कॉर्नेल त्याआधीच्या अठरा सामन्यांत हरलेलं नव्हतं. डार्टमाउथ ३-० ने पुढे. शेवटच्या क्षणांत कॉर्नेलचा चौथा डाऊन वाया गेला, पण रेड फ्रीझेल नावाच्या रेफरींचा हिशेब चुकला आणि त्यांनी चेंडू पुन्हा कॉर्नेललाच दिला. पाचव्या डाऊनला टचडाऊन, ७-३. मग सामन्याची फिल्म धुऊन आली. कॉर्नेलच्या लोकांनी ती स्वतः पाहिली, मोजलं, आणि त्यांना कळलं. फ्रीझेल यांनीही चूक लिहून कबूल केली. निकाल बदलायचा अधिकार मात्र रेफरींना नव्हता, कुणालाच नव्हता. सोमवारी कॉर्नेलने डार्टमाउथला तार केली: सामना तुमचा. डार्टमाउथने तार करून तो स्वीकारला. आजही नोंदीत तो निकाल ३-० आहे. कॉलेज फुटबॉलच्या एवढ्या मोठ्या इतिहासात मैदानाबाहेर निकाल फिरल्याचं हे एकच उदाहरण, असं म्हणतात.

ती फिल्म पाहणारी खोली माझ्या डोळ्यांपुढे येते. प्रोजेक्टरची घरघर, भिंतीवरची काळी-पांढरी पोरं, आणि कुणीतरी अंधारात बोटांवर मोजतंय. एक. दोन. तीन. चार. आणि मग कुणीच काही बोलत नाही. त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की हे बाहेर सांगितलं नाही तरी विजय आपलाच राहतो.

पुढे यंत्रं आली. बिग टेन संघटनेने २००४ मध्ये रिप्ले आधी करून पाहिला, दोनेक वर्षांत सगळीकडे पसरला. आता वादच संपतील असं लोकांना वाटलं असणार. २००६ च्या सप्टेंबरात ओरेगनच्या मैदानावर ओक्लाहोमा ३३-२७ ने पुढे होतं, मिनिटभराचा खेळ उरला होता, ओरेगनने चेंडू मुद्दाम जवळच लाथाडला. अशा किकनंतर चेंडू दहा यार्ड जाईपर्यंत लाथाडणाऱ्यांनी त्याला शिवायचं नसतं. ओरेगनच्या खेळाडूने आधीच शिवला. आणि शेवटी चेंडू घेऊन उभा होता तो ओक्लाहोमाचा माणूस. तरी पंचांनी चेंडू ओरेगनला दिला, रिप्ले पाहूनही दिला, आणि ओरेगन ३४-३३ ने जिंकलं. पंच आणि रिप्लेवाले दोन्ही ओरेगनच्याच पॅक-टेन संघटनेचे होते. यजमान संघाच्या सामन्याला आपलेच पंच असतील असा त्या संघटनेचा आग्रह होता. हे वाचलं तेव्हा मला आमचा बोळ आठवला. अंपायर बॅटिंगवाल्यांचा. त्यात कुणाची लबाडी होती असं मी म्हणत नाही, नव्हतीच. पण मी दादाला नॉट आऊट दिलं तेव्हाही, खरं सांगते, पहिला अर्धा क्षण मला तो खरोखर नॉट आऊट दिसला होता. डोळे माणसाच्या बाजूने बघतात. दिसण्याआधीच बघतात. पुढे पॅक-टेनने तो आग्रह सोडला.

तिथे रिप्ले पाहणारे गॉर्डन रीस यांना नंतर जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. ते काम सोडून काही काळ घरी बसले. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या अध्यक्षांनी हा सामना नोंदीतूनच काढून टाका असं पत्र पाठवलं. काही झालं नाही. कॉलेज फुटबॉलमधले बहुतेक पंच हे काम शनिवारपुरतं करतात. सोमवारी त्यांची दुसरी नोकरी असते. एखादा विमा विकतो, एखादा शाळेत शिकवतो. आणि त्यातल्या एखाद्याला सोमवारी फोन उचलायची भीती वाटते. या बाबतीत माझ्या मनात काही संदिग्ध नाही. चुकलेल्या पंचाला कुणी धमकावत असेल तर त्या माणसाला खेळावर प्रेम आहे हे मी मान्य करणार नाही.

बाबांशी या विषयावर बोलणं झालं तेव्हा ते लगेच कुस्तीवर गेले. खासबागेत आयुष्य गेलेला माणूस, दुसरीकडे जाणार कुठे. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चीत केलं असं पंचांनी दिलं. आपली पाठ पूर्ण टेकलीच नव्हती, असं राक्षेचं म्हणणं होतं. त्याने पंचाची कॉलर धरली, लाथ मारली, आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. बाबा ती क्लिप पुन्हा पुन्हा बघत होते. “पाठ टेकली की नाही यावर बोलायचं होतं, बाई. लाथेनंतर पाठीचं कोण बोलणार?” मी म्हटलं, बाबा, इकडे गुडघ्याचं तसंच आहे. इकडच्या कॉलेज फुटबॉलमध्ये गुडघा टेकला की खेळाडू संपला, कुणी धक्का दिलेला नसला तरी संपला. एवढासा गुडघा.

२०१५ च्या ३१ ऑक्टोबरला डरममध्ये ड्यूक विरुद्ध मायामी असाच गुडघ्यावर गेला. ड्यूक २७-२४ ने पुढे, सहा सेकंद बाकी, शेवटची किक. मायामीच्या पोरांनी चेंडू एकमेकांकडे आठ वेळा मागे टाकला, इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि कॉर्न एल्डरने तो एंड झोनमध्ये नेला. बघायला इतकं सुंदर की मी ते दहादा पाहिलंय. पण मधल्या एका मुलाचा गुडघा चेंडू सोडण्याआधी टेकला होता. पंचांनी बराच वेळ रिप्ले पाहिला आणि टचडाऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच एसीसी संघटनेने जाहीर केलं की गुडघा टेकला होता, आणखीही चुका झाल्या, सामना तिथेच संपायला हवा होता. पंच दोन सामन्यांसाठी निलंबित. निकाल मायामी ३०-२७. चूक अधिकृत, निकालही अधिकृत. दोन्ही एकाच पानावर.

पुढच्याच वर्षी सप्टेंबरात ओक्लाहोमा स्टेटला वेळ संपल्यावरही एक खेळी जादा खेळावी लागली, जी नियमात नव्हतीच, आणि त्या खेळीवर सेंट्रल मिशिगनने त्यांना ३०-२७ ने हरवलं. दोन्ही संघटनांनी चूक मान्य केली, पंचांना दोन सामने घरी बसवलं. त्याच हंगामात ओहायो स्टेट-मिशिगन सामना दोनदा लांबून शेवटी ओहायो स्टेटच्या जे. टी. बॅरेटच्या एका धावेवर आला: चौथा डाऊन, एक यार्ड, चेंडू रेषेला टेकला की नाही. पंच म्हणाले टेकला, रिप्लेने तेच राहू दिलं, पुढच्या खेळीवर ओहायो स्टेट ३०-२७ ने जिंकलं. मिशिगनचे प्रशिक्षक जिम हार्बॉ पत्रकारांपुढे पंचांवर घसरले आणि त्यांच्या विद्यापीठाला दहा हजार डॉलर दंड झाला. ती फीत मी कितीही वेळा पाहिली तरी मला ठरवता येत नाही. कधी वाटतं पोचला, कधी वाटतं नाही. रिप्लेचा नियम असा की निर्विवाद दिसलं तरच पहिला निर्णय फिरवायचा, नाही तर मैदानावरचा डोळा प्रमाण. म्हणजे एवढे कॅमेरे लावूनही शेवटी गोष्ट त्या पहिल्या क्षणी कोण कुठे उभा होता यावरच येते.

आणि २०२४ च्या ऑक्टोबरात ऑस्टिनला झालं ते तर मला अजून पचलेलं नाही. टेक्सासच्या खेळाडूने जॉर्जियाचा चेंडू मध्येच पकडला, पण त्याच्याच विरोधात फ्लॅग पडला. फ्लॅग चुकीचा होता. प्रेक्षकांनी मैदानावर बाटल्या फेकल्या, खेळ थांबला, आणि त्या मधल्या वेळात पंचांनी आपसांत बोलून फ्लॅग मागे घेतला. निर्णय बरोबर झाला. पण कशामुळे झाला? एसईसी संघटनेने टेक्सासला अडीच लाख डॉलर दंड ठोकला. सामना तरी जॉर्जियाच ३०-१५ ने जिंकलं. मी लेकीला विचारलं, तुला काय वाटतं. ती म्हणाली, बरोबर ते बरोबर. मी गप्प बसले, कारण बाटलीचं तिला कसं समजवायचं ते मला सुचलं नाही. मी तर उलट टोकाला उभी होते. त्यांनी बाटल्या फेकून बरोबर निर्णय मिळवला. मी नियम पाळून चुकीचा निर्णय राहू दिला.

हे मी आजोबांना बोलले. ते म्हणाले, तू बोलली असतीस तर पंचांनी तुला मैदानाबाहेर काढलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं. ज्याला त्याला दिसलेलं सांगायला लागलं तर खेळ चालेल कसा? मला ते कळतं. निकाल नंतर कार्यालयात बसून बदलू नये हेही मला पटतं. बदलायला लागले तर एकही शनिवार शनिवारी संपणार नाही. रेफरींनी निकाल जाहीर केला की तो झाला. पण त्या रात्री आमच्याकडेही कुणाच्या तरी फोनवर ती खेळी होतीच. पालक चित्रीकरण करतात, पोरं करतात, प्रशिक्षक तर करतातच. आमच्या गावात कुणीतरी ती बघितली असणार, थांबवून बघितली असणार. कुणाच्या तरी अंधारात भिंतीवर तो गुडघा टेकला असणार. सोमवारी कुठेही तार गेली नाही. माझीही नाही. मी पत्र लिहायला घेतलं होतं, त्या शाळेच्या प्रशिक्षकांना. दोन ओळी लिहिल्या. कुणाच्या वतीने लिहितेय हे ठरवता आलं नाही आणि कागद अजून टेबलाच्या खणात आहे, बिलांच्या खाली.

पुढच्या शुक्रवारी पंच दुसरे होते. सामन्याआधी रेषेवरचे पंच नेहमीप्रमाणे आम्हा तिघांशी बोलायला आले. हात मिळवला, नावं विचारली, तेच सगळं सांगितलं: शांत राहा, लक्ष चेंडूवर ठेवा, खेळ अंगावर आला तर काठी टाकून पळा, माणूस महत्त्वाचा. मी म्हटलं, सर, एक विचारू? तुम्ही मागे सरलात आणि तुम्हाला दिसलं नाही, तर माझ्याकडे बघाल का? मी विचारल्याशिवाय बोलणार नाही. पण मी तिथेच असते. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. आजोबा शेजारी उभे होते, त्यांनी साखळीचा पीळ सोडवायला घेतला. मग पंच म्हणाले, ठीक आहे. लक्षात ठेवतो.

थंडी आणखी वाढली होती. मी हातमोज्याची बोटं कापून घेतली होती, रबर नीट चढावा म्हणून. तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी. पुन्हा तर्जनी. माझ्या मागे आणखी एका परक्या गावची पोरं उभी होती, तोच मलमाचा दर्प, तेच एकमेकांना ओरडून सांगणं. दोनदा खेळ आमच्या रेषेवर आला. दोन्ही वेळा मी काठी घट्ट धरून जमिनीकडे पाहिलं, गुडघे पाहिले, कोपरं पाहिली, चेंडू पाहिला, आणि मग मान वर करून पंचांकडे. त्यांनी दोन्ही वेळा थेट जागेवर येऊन पाय रोवला. रात्रभरात त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी येऊन हात धुताना चारही बोटांवर रबराचे वळ दिसले. करंगळीवरचा सगळ्यात खोल होता.